रगड्याचे भक्त

मे आणि नोव्हेंबरच्या अखेरीला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलन होतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याचं देखणं छायाचित्र येतं आणि ते पाहता पाहता कट्ट्याकट्ट्यांवर एकच खंत सुरू होते : आता पूर्वीसारखं ट्रेनिंग राहिलं नाही. अग्निवीरांच्या कसम परेडचा व्हिडिओ फिरला, की तेच. वाहिनीवरच्या चर्चेत मिशीला पीळ देत तेच. लग्नाच्या पंगतीत, जिलबीचा दुसरा आग्रह मोडता मोडता, तेच.

म्हणणं असं. आजची पोरं मऊ झाली आहेत. हातात मोबाईल, पोटात मॅगी आणि पाठीशी तक्रार करायला आईबाप. त्यात मानवी हक्कवाले आणि न्यायालयं, म्हणजे उस्तादाला रंगरुटाच्या अंगाला बोट लावायची चोरी. असली लाडावलेली पोरं उद्या लडाखच्या थंडीत काय उभी राहणार? तेव्हा झोप कमी करा, पळवा, उन्हात तापवा, रगडा वाढवा. माणूस मोडला तरच सैनिक घडतो. जो टिकेल तो आपला. जो टिकणार नाही त्याने घरी जावं, देशाला दुबळ्यांची गरज नाही.

हे म्हणणाऱ्यांत काही निवृत्त अधिकारी आहेत आणि त्यांनी स्वतः ते सोसलेलं आहे. बाकीच्यांची कवायत शाळेच्या पटांगणावर संपली. पण दोघांचा आवेश सारखाच. दुसऱ्याच्या पोराच्या घामाबद्दल आपल्या समाजात इतकं एकमत आहे, की त्याला कोणी साधा प्रश्नही विचारत नाही. म्हणून विचारतो.

पहिलं, ही मऊ पोरं कुठे दिसली? सातारा, सांगली, बीड, नांदेड, कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे पाच वाजता उभं राहा. अंधारात, ट्रकच्या दिव्यांपासून अंग चोरत भरतीची पोरं धावताना दिसतील. भरतीच्या मैदानात १६०० मीटर साडेपाच मिनिटांत धावलं तर पूर्ण ६० गुण, दहा बीम मारल्या तर ४०, वर नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा. लेखी परीक्षा वेगळी, मेडिकल वेगळं. यातली बहुतेक पोरं कोरडवाहू शेतीतून आलेली असतात आणि वयाची अट उलटायच्या आत एखादी जागा मिळेल या आशेवर तीन-तीन वर्षं धावत असतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले. त्या गावाला लोक आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. त्या पट्ट्यातल्या पोरांना 'नाजूक' म्हणणारी माणसं लष्कराच्या भरतीबद्दल बोलत नसतात. ती आपल्या सोसायटीतल्या, आपल्याच घरातल्या पोरांबद्दल बोलत असतात, जी भरतीला जाणारच नाहीत. घरच्या नातवावरचा राग खेड्यातल्या रंगरुटावर काढायचा, हा कुठला न्याय?

बरं, वादापुरतं धरून चालू, की पोरं खरंच पूर्वीपेक्षा कमी चालतात, कमी ओझी उचलतात, त्यांची हाडं तितकी तयार नसतात. त्यातून निष्कर्ष काय निघतो? हाडाला अचानक नवा भार मिळाला, की ते स्वतःची पुनर्बांधणी करू लागतं आणि त्या मधल्या काही आठवड्यांत ते आधीपेक्षा कमकुवत असतं. नडगीच्या हाडाला बारीक तडे जातात ते याच काळात. उपाय एकच, भार टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि मध्ये विश्रांती द्यायची. इस्रायली लष्करात रंगरुटांना रात्रीची किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि चालण्याचं एकूण अंतर आटोक्यात ठेवलं, तेव्हा अशा तड्यांचं प्रमाण ६० टक्क्यांहून जास्त घटलं. इस्रायलला कोणी मऊ राष्ट्र म्हणतं का? आमचे रगड्याचे भक्त तर उठता-बसता इस्रायलचा दाखला देत असतात. म्हणजे त्यांचं गृहीतक खरं मानलं, तर निष्कर्ष उलटा निघतो. शरीर कच्चं असेल तर त्याला जास्त वेळ लागतो. आच वाढवली म्हणून डाळ लवकर शिजत नाही, ती बुडाला लागते.

आणि हे आपल्या लष्कराला शिकवायला तेल अवीवहून कोणी यायची गरज नाही. हिमालयात ते रोज पाळलं जातं. नऊ हजार फुटांच्या वर जाणाऱ्या प्रत्येक जवानाला, मग तो कितीही तगडा असो, हवामानाशी जुळवून घ्यायला ठरलेले दिवस दिले जातात. बारा हजार फुटांपर्यंत सहा दिवस, पंधरा हजारांपर्यंत आणखी चार, त्याहून वर पुन्हा चार. सुरुवातीचे दोन दिवस तर चक्क आराम. मैदानात वीस किलोमीटर पळणाऱ्याला तिथे सांगतात, गपचूप पडून राहा. हा लाड आहे का? हे दिवस न देता माणसं वर धाडली तर काय होतं, ते आपण १९६२ मध्ये पाहिलं. सुती कपड्यांत, मैदानातून थेट डोंगरात चढवलेल्या पलटणींत चिवटपणाची कमतरता नव्हती. त्यांच्यात दुसरं महायुद्ध लढलेली माणसं होती. फुप्फुसात पाणी भरू लागलं, की चिवटपणा कामाला येत नाही. त्या काळात आपल्या लष्करी डॉक्टरांनी या आजाराचा जो अभ्यास केला, त्याचा हवाला पुढे जगभर दिला गेला. एवढं महाग शिक्षण घेतलेल्या देशात 'तापवा, गोठवा, आपोआप घट्ट होतील' हे कोणी म्हणू शकतं, याचंच मला नवल वाटतं.

आता मुख्य मुद्दा, रगड्याशिवाय शिस्त नाही. रगडा म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : डांबरावर फ्रंट रोल, खडीवर कोपरांनी रांगणं, पिठ्ठूत दगड भरून दुपारच्या उन्हात धावणं, मुर्गा होऊन उभं राहणं. चूक एकाची, शिक्षा सगळ्यांना. यातून आज्ञापालन अंगी बाणतं, असं सांगतात.

१९५६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन मरीनच्या पॅरिस आयलंड तळावर एका उस्तादाला असंच वाटलं. आपल्या प्लाटूनमध्ये शिस्त राहिली नाही म्हणून त्याने रविवारी रात्री ती सगळी तुकडी रिबन क्रीक नावाच्या भरती-ओहोटीच्या खाडीत उतरवली. सहा रंगरूट बुडून मेले. हा उस्ताद कोणी राक्षस नव्हता. लढाया पाहिलेला, कुटुंबवत्सल माणूस होता. शिस्तीची त्याची कल्पना मात्र हुबेहूब आमच्या कट्ट्यावरची. मग मरीननी काय केलं? रगडा वाढवला? त्यांनी उस्तादांवर अधिकाऱ्यांची देखरेख वाढवली, उस्ताद निवडण्याची पद्धत बदलली. त्याच तळावर त्याच सुमाराला उष्णता आणि दमटपणा मोजून झेंडे लावायची पद्धत सुरू झाली. काळा झेंडा चढला की मैदानावरची कष्टाची कवायत बंद. आज उन्हात काम करणाऱ्यांसाठी जगभर जे मोजमाप वापरतात, ते तिथूनच आलं. तेव्हाही जुन्या मरीननी गळा काढला होता, की आता संपलं सगळं. बारा वर्षांनी व्हिएतनामच्या ह्युए शहरात घरोघरी, गल्लोगल्ली लढले ते याच 'लाडावलेल्या' मैदानांतून बाहेर पडलेले मरीन.

उलट उदाहरण हवं असेल तर रशियाकडे पाहा. नव्या शिपायाला जुन्यांनी छळायची, लुटायची, मारायची तिथे जुनी परंपरा आहे. तिला देदोवश्चिना म्हणतात. पोरं त्यात मेली, लुळी झाली, त्यांनी आत्महत्या केल्या, आयांनी संघटना काढल्या, शेवटी सक्तीच्या सेवेचा काळ दोन वर्षांवरून एकावर आणताना या छळाला आळा बसेल हेही एक कारण सांगितलं गेलं. सोसण्यातून शिस्त येत असती, तर रशियन सैन्य जगातलं सगळ्यांत शिस्तबद्ध सैन्य ठरायला हवं होतं. २०२२ मध्ये त्या शिस्तीचं दर्शन युक्रेनमधल्या बुचात, नागरिकांच्या हत्याकांडात झालं. ज्याला वर्षभर लाथा मिळतात, तो हाती बंदूक आल्यावर खाली कोण आहे ते शोधतो.

'पण कमांडोंचं बघा!' हे ठरलेलं पालुपद. कमांडोंची चाचणी ही निवड असते. तयार शिपायांतून मूठभर उचलायचे आणि बाकीचे आपापल्या पलटणीत परत पाठवायचे. मूलभूत प्रशिक्षणाला ही चैन परवडत नाही. तिथे आलेल्या प्रत्येकाला शिपाई करायचं असतं. आणि त्या चाचण्यांतही माणसं मेली आहेत. ब्रिटनमध्ये २०१३ च्या जुलैत ब्रेकन बीकन्सच्या डोंगरात उन्हाने तिघे गेले. अमेरिकन नौदलाच्या सील तुकडीच्या 'हेल वीक'नंतर २०२२ मध्ये एक उमेदवार काही तासांत न्युमोनियाने गेला. दोन्ही ठिकाणी चौकश्यांनी बोट ठेवलं ते देखरेखीवर आणि वैद्यकीय व्यवस्थेवर.

आता आपल्याच लष्कराच्या इतिहासातलं एक पान. रगड्याचे भक्त ते कधी उघडत नाहीत आणि माझ्या मते या वादाचा निकाल तिथेच लागतो.

१९४२ मध्ये ब्रह्मदेशातून भारतीय सैन्य मागे रेटलं गेलं. त्या हिवाळ्यात आराकानात केलेली चढाईही फसली. कारण सरळ होतं. युद्धाच्या सुरुवातीला सुमारे दोन लाखांचं असलेलं सैन्य घाईघाईने फुगवलं जात होतं (ते पुढे पंचवीस लाखांपर्यंत गेलं). अर्धवट शिकलेली पोरं थेट जंगलात जात होती, अनुभवी माणसं उचलून नव्या पलटणींत वाटली जात होती. तेव्हाही 'पोरं कच्ची आहेत, जपानी बघा कसे काटक' म्हणणारे असणारच. पण १९४३ च्या उन्हाळ्यात नेमलेल्या इन्फन्ट्री कमिटीने वेगळाच निर्णय दिला. पायदळाच्या रंगरुटाला नऊ महिने मूलभूत प्रशिक्षण आणि त्यानंतर दोन महिने खास जंगलयुद्धाचं. त्यासाठी दोन आख्ख्या डिव्हिजन लढाईतून काढून शिकवायच्या कामाला लावल्या : चौदावी छिंदवाड्याला, एकोणचाळिसावी सहारनपूरला. छिंदवाडा म्हणजे आपल्या नागपूरच्या अंगणात. सातपुड्याच्या त्या रानात पोरांना रात्रीची गस्त शिकवली, वेढा पडला तरी जागा न सोडता विमानातून येणाऱ्या रसदीवर तग धरायला शिकवलं. हे सगळं चाललं होतं ते शत्रू दाराशी आणि माणसांची चणचण असताना. त्या तंगीतही त्यांनी मुदत वाढवली. १९४४ मध्ये इंफाळ आणि कोहिमाला त्याच सैन्याने जपानी फौजेचा कणा मोडला.

आणि कडकपणा? होता ना. पण तो कोणावर लावला, ते बघा. १९४३ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जखमी होऊन मागे आणलेल्या एका माणसामागे आजारी पडून आणलेले १२० होते. चौदाव्या सैन्याचा सेनापती स्लिम याने मलेरियाच्या गोळ्या रोज घेतल्या जातात की नाही हे अचानक तपासायला सुरुवात केली. ज्या पलटणीत ९५ टक्क्यांहून कमी माणसांनी गोळी घेतलेली निघाली, तिच्या कमांडिंग ऑफिसरला त्याने घरी पाठवलं. शिपायाला नव्हे, कर्नलला. तिघांना काढल्यावर बाकीचे सुधारले, असं स्लिमनेच लिहून ठेवलं आहे. आमच्याकडे कडकपणाची मागणी कधी वरच्या दिशेने जाताना ऐकली आहे? रंगरूट उन्हात कोसळून मेला, तर 'उस्तादाला, कंपनी कमांडरला कडक शिक्षा करा' असं म्हणणारा एक तरी मिशीवाला वाहिनीवर दिसतो का? हाताखालच्या माणसाला मारहाण किंवा छळ केला, तर सात वर्षांपर्यंत कैद, हे १९५० च्या सैन्य कायद्याच्या ४७ व्या कलमात लिहिलेलं आहे. मोबाईल आणि मॅगी यायच्या कितीतरी आधी. ते कुणा मानवी हक्कवाल्याने घुसडलेलं नाही.

मग छत्रपतींचं नाव निघतं. निघणारच, महाराष्ट्रात कुठलाही वाद हरू लागला की माणूस मावळ्यांच्या मागे लपतो. मावळे म्हणे उपाशीपोटी डोंगर चढत. चढत, कारण ते त्याच डोंगरात जन्मले होते. पण शिवाजी महाराजांना आपली माणसं उपाशी ठेवण्याची हौस होती, असा समज कोणी करून घेऊ नये. १६७३ मध्ये चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना त्यांनी पाठवलेलं पत्र काढून वाचा. पावसाळाभर दाणागोटा पुरवून वापरा, नाहीतर घोडी मरतील. रयतेवर जुलूम करू नका. गवताच्या गंजीजवळ निष्काळजीपणे दिवा ठेवाल तर उंदीर वात पळवेल आणि सगळी पागा जळेल. सतराव्या शतकातल्या त्या राजाला उंदराच्या तोंडातली वात दिसत होती. त्याची जरब होती ती अंमलदारांच्या बेफिकिरीवर, शिपायाच्या सोसण्यावर नाही.

आता 'जो टिकणार नाही तो घरी जाईल' या शूर वाक्याकडे येऊ. घरी जातो म्हणजे नेमका कुठे जातो? एनडीए आणि आयएमएसारख्या संस्थांतून १९८५ पासून सुमारे पाचशे कॅडेट प्रशिक्षणातल्या दुखापतींमुळे वैद्यकीय कारणावरून बाहेर पडले आहेत. त्यांच्या हालांची बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्वतःहून दखल घेतली. कमिशन मिळण्याआधी जायबंदी झाले म्हणून हे माजी सैनिक नव्हेत. म्हणून निवृत्तिवेतन नाही. अपंगत्वाच्या प्रमाणात महिना जास्तीत जास्त ४० हजारांपर्यंत सानुग्रह रक्कम. लष्करी आरोग्य योजनेचं दार त्यांच्यासाठी उघडलं, तेही न्यायालयाने डोळे वटारल्यावर. यातले सगळे रगड्याने मोडले असं मी म्हणत नाही. कोणी घोड्यावरून पडलं, कोणी बॉक्सिंगमध्ये, कोणी पोहण्याच्या तलावात. पण देशातल्या सर्वांत अवघड परीक्षांपैकी एक पास होऊन आलेली ही मुलं होती. ही 'दुबळी'? यांना चाळून काढून देश बळकट झाला? आणखी कडक करा म्हणणाऱ्याने आधी आणखी किती पाचशे चालतील, तो आकडा सांगावा.

शेवटी उरतं ते छावणीच्या भिंतीवरचं वाक्य, शांततेत घाम गाळला की युद्धात रक्त वाचतं. मान्य. पण कशावर गाळलेला घाम? रात्रीच्या अंधारात नेम धरताना, जखमी जोडीदाराच्या मांडीला पट्टा आवळून रक्त थांबवताना, नकाशावरून अनोळखी नाला शोधताना, डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनपासून खंदक झाकताना गाळलेला घाम रक्त वाचवतो. फ्रंट रोलचा घाम फक्त बनियन भिजवतो. अमेरिकेच्या पायदळाने २०१८ मध्ये आपलं प्रशिक्षण १४ आठवड्यांवरून २२ वर नेलं आणि २०२० मध्ये रंगरूट बसमधून उतरताच त्यांच्यावर तुटून पडून किंचाळायची जुनी प्रथा बंद केली. एकाच शाळेने दोन वर्षांत दोन्ही केलं : वेळ वाढवला, आरडाओरडा कमी केला.

आपण काय केलं? जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. पूर्वी पायदळाच्या जवानाला घडवायला नऊ महिने आणि त्याहून जास्त लागत. आता तो काळ सहा-सात महिन्यांत बसवला. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चौघांतल्या तिघांना निरोप. म्हणजे शिकवायला वेळ कमी, शिकलेलं मुरायला वर्षं कमी, आणि शिकायच्या गोष्टी मात्र दर वर्षी वाढणाऱ्या. छिंदवाड्यात १९४३ मध्ये युद्ध चालू असताना जे परवडलं, ते आता परवडत नाही. या कपातीवर कट्टा गप्प आहे. उलट तोच म्हणतो, पोरं कच्ची राहतात, ट्रेनिंग कडक करा. कारण आठवडे वाढवायला पैसे लागतात, गोळ्या लागतात, चांगले उस्ताद लढाऊ पलटणीतून काढून सेंटरवर आणावे लागतात, आणि त्यासाठी सरकारला जाब विचारावा लागतो. कडकपणा फुकट आहे. त्याची किंमत सतरा-अठरा वर्षांचा पोरगा आपल्या गुडघ्यांनी भरतो आणि मागणाऱ्याला देशभक्तीचं समाधान आयतं मिळतं.

तेव्हा मागायचंच असेल, तर हे मागा. मूलभूत आणि पुढचं प्रशिक्षण मिळून पायदळाच्या रंगरुटाला पुन्हा पूर्ण नऊ महिने द्या आणि त्यावर दोन महिने, जिथे तो जाणार आहे त्या मुलखाचे. रेंजवर त्याच्या वाट्याच्या गोळ्या वाढवा. पलटणीतला सगळ्यांत चांगला हवालदार सेंटरवर धाडा आणि ती नेमणूक बढतीसाठी मोलाची ठरवा. प्रत्येक मैदानावर उष्णतेचं मोजमाप ठेवा, आणि काळा झेंडा असताना ज्याने कवायत घेतली त्याचं नाव जाहीर करा. प्रशिक्षणातल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी त्या सेंटरबाहेरच्या माणसांकडून करवा. ज्या कॅडेटला तुम्ही अपंग करून घरी पाठवलंत, त्याला माजी सैनिक म्हणा आणि निवृत्तिवेतन द्या. एवढं सगळं मागून झालं, आणि तरीही देशाच्या संरक्षणात फ्रंट रोलच कमी पडताहेत असं वाटलं, तर डांबर मोकळं आहे. पहिला रोल मागणाऱ्याने घालावा.